घराआधी पत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी कर्जासारखा रुक्ष विषय घेऊन मी आपल्यापुढे उभी आहे. परंतु आमंत्रण द्यायला आलेल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "म्हाडाची जाहिरात आली की मंडळातल्या निम्म्या बायका अर्ज भरतात. त्यांना उपयोगी पडेल असे काही सांगा." एका बँकेच्या कर्जखात्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. तेथे जे रोज पाहिले, तेच आज सांगणार आहे.

सोडतीची तयारी म्हणजे आपण काय करतो? अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पॅन यांची जमवाजमव करतो, अनामत रक्कम भरतो आणि देवाला नवस बोलतो. नाव निघाले की पेढे वाटतो. पण खरी परीक्षा पुढेच असते. देकारपत्र हाती पडले की ठरलेल्या मुदतीत पैसे भरावे लागतात आणि त्यासाठी बहुतेकींना बँकेची पायरी चढावी लागते. भगिनींनो, घर सोडतीत लागते; कर्ज सोडतीत लागत नाही. ते पत पाहून मिळते. पत म्हटले की आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायका यजमानांकडे पाहत. पण अर्जावर आपली सही असेल, तर पतही आपलीच पाहिली जाते.

ही पत पूर्वी पेढीवरचा शेठ माणूस ओळखून ठरवी. आता ती कागदावर मांडलेली असते. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलचे नाव आपण ऐकलेच असेल. तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या आज देशात आहेत. आपण कोणते कर्ज घेतले, कोणता हप्ता कधी भरला, कोणता थकला, याची नोंद त्यांच्याकडे बँका आणि वित्तसंस्था पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. साधारणपणे ७५० च्या वर आकडा असला की बँकवाल्याचा चेहरा खुलतो, असा माझा अनुभव आहे.

मी नोकरीत असतानाची एक हकीकत सांगते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना अल्प उत्पन्न गटात घर लागले. स्वतःचे एकही कर्ज नाही, दुकानाची उधारीसुद्धा नाही. पण अहवाल काढला तेव्हा एका टेंपोच्या कर्जाचे अकरा हप्ते थकलेले दिसले. टेंपो दिराचा होता आणि बाई जामीन होत्या. केव्हातरी घरातल्या कागदांवर केलेली सही त्यांच्या स्मरणातही नव्हती. दिराने धावपळ करून थकबाकी भरली, पण नोंद सुधारून येईपर्यंत मुदत उलटली आणि घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या अर्जदाराला मिळाले. तोच अहवाल सहा महिने आधी पाहिला असता, तर घर हातचे गेले नसते.

१८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून "वहिनी, नुसती सही करा" असे कोणी म्हटले, तर कागद वाचावा, रक्कम विचारावी आणि मगच होय किंवा नाही म्हणावे. नात्यातला नकार चार दिवस बोचतो. थकलेल्या हप्त्याची नोंद वर्षानुवर्षे राहते.

तेव्हा अर्ज करण्यापूर्वी निदान सहा महिने काय करावे, ते क्रमाने सांगते.

पहिले म्हणजे आपला अहवाल स्वतः पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा घसरत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. नाव, पत्ता, पॅन बरोबर आहेत का, फेडलेले कर्ज अजून चालू दिसते का, आपले नसलेले कर्ज चिकटले आहे का, कोठे जामीन म्हणून नाव आहे का, हे ओळीओळीने वाचावे. चूक आढळली तर तक्रार करावी. तिला पैसे पडत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून आहे. "आकडा वाढवून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक पैसाही देऊ नये. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही.

दुसरे, थकबाकी असेल तर ती पूर्ण फेडावी. काही वेळा कर्ज देणारा म्हणतो, "निम्मे भरा आणि मोकळ्या व्हा." तसे केले तर अहवालात कर्ज "फेडले" असे न येता "तडजोड केली" अशा अर्थाचा शेरा येतो, आणि पुढचा बँकवाला तो पाहून बिचकतो. पूर्ण फेड झाली की बेबाकीचा दाखला मागून घ्यावा आणि दागिन्यासारखा जपून ठेवावा.

तिसरे, नवे हप्ते टाळावेत. फ्रीज, मोबाईल "बिनव्याजी हप्त्यावर" घेतला, तरी तेही बहुधा कर्जच असते. गृहकर्ज देताना बँक चालू हप्ते वजा करून पाहते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एक लाखाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे चार हजारांचे हप्ते आधीच चालू असतील, तर घरासाठीचे जवळजवळ साडेचार लाखांचे कर्ज कमी होते. क्रेडिट कार्ड असेल तर किमान रक्कम भरून समाधान मानू नये; बिल पूर्ण आणि वेळेवर भरावे.

चौथे, ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांच्याविषयी. आपण भिशीचा हप्ता एक दिवस चुकवीत नाही, पण भिशीची नोंद या अहवालात नसते. केवळ पूर्वीचे कर्ज नाही म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. तरी बँक काहीतरी पुरावा मागणारच. म्हणून डब्याचे, शिवणाचे, शिकवणीचे पैसे डब्यात न ठेवता स्वतःच्या खात्यात भरावेत. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरावे.

पाचवे, स्वतःची पुंजी. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. पंचवीस लाखांच्या घराला निदान अडीच लाख आपले लागतात. मुद्रांकशुल्क व नोंदणी बहुधा त्याहून निराळी. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांकशुल्कात १ टक्क्याची सवलत महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि एक रंगीत तालीम करावी. वीस लाखांचे कर्ज घ्यायचे असेल तर त्याच दराने हप्ता सुमारे १७,३५० रुपये येईल. आज भरतो ते भाडे त्यातून वजा करून उरलेली रक्कम सहा महिने निराळ्या खात्यात टाकून पाहावी. घर ओढाताण न होता चालले, तर अर्ज निर्धास्त भरावा. न चालले, तर लहान घराचा विचार करावा. त्यात कमीपणा नाही. शिवाय तेवढी पुंजी हाती राहिलीच.

भगिनींनो, माझी मंडळाला एक विनंती आहे. हळदीकुंकू, भजन, सहली आपण हौसेने करतो. तशीच वर्षातून एक दुपार अहवाल वाचण्यासाठी ठेवावी. ज्यांना मोबाईलवर अहवाल काढता येतो त्यांनी इतरांना शिकवावे. आकडा मात्र जिचा तिने पाहावा, आणि मोबाईलवर येणारा गुप्त क्रमांक शेजारणीलासुद्धा सांगू नये.

सोडतीत कोणाचे नाव निघावे हे आपल्या हाती नाही. पण नाव निघालेल्या बाईला कर्जाच्या कागदापायी घर सोडावे लागू नये, एवढे आपल्या हाती खासच आहे.