मुक्या जिवाची भाषा आणि श्रावकाचे कान



परतवाड्याहून मुक्तागिरीस जाणाऱ्या वऱ्हाडातील यात्रेकरूंना त्या क्षेत्राचे दुसरे नाव मेंढागिरी का, हे सांगावे लागत नाही. ध्यानस्थ मुनींसमोर कोसळलेल्या मेंढ्याच्या कानी त्यांनी णमोकार मंत्र सांगितला व तो जीव देवगतीस गेला, अशी तेथील आख्यायिका आहे. जीवंधरकुमाराच्या चरित्रात हेच भाग्य एका कुत्र्याला लाभले. मारहाणीने मरणोन्मुख झालेल्या त्या श्वानाने मंत्र ऐकला आणि तो सुदर्शन नावाचा यक्ष झाला. दोन्ही कथांत माणूस बोलतो आणि प्राणी ऐकतो. प्राणी बोलतो तेव्हा माणूस ऐकतो काय, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या वसाहतींतून हौसेने कुत्री पाळली जात असताना विचारण्याजोगा आहे.

शास्त्रकारांच्या वर्गीकरणात कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच. म्हणजे मन असलेला, शिकवण व हाक ग्रहण करू शकणारा जीव. बुडापेस्ट येथील संशोधकांनी १३ कुत्र्यांना स्कॅनरमध्ये निश्चल पडून राहण्यास शिकविले आणि त्यांच्या मेंदूचे निरीक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा स्वर हे दोन्ही जुळले, तरच मेंदूतील सुखाचे केंद्र अधिक जागे झाले. कोरड्या आवाजातील स्तुती त्यांना पुरली नाही. (ती माणसांनाही पुरत नाही, हे संसारी मंडळी जाणतातच.) कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये रस्त्यावरील, कोणीही न शिकविलेल्या कुत्र्यांविषयी लिहिले. जी कुत्री जवळ आली, त्यांतील सुमारे ८० टक्के माणसाच्या बोटाचा रोख ओळखून नेमक्या भांड्याकडे गेली. जी आली नाहीत, ती भेदरलेली होती. माणसाचा हात त्यांनी आधी कशासाठी उगारलेला पाहिला असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

कुत्र्याची भाषा मुख्यतः देहाची आहे. शेपूट हलली म्हणजे तो आनंदला, हा समज अर्धाच खरा. ताठ, उंच शेपटी आखूड झटक्यांनी हलते, तेव्हा तो सावध झालेला असतो. झोप नसता दिलेली जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, मान वळविणे, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, ही त्याची ‘आता पुरे’ म्हणण्याची रीत होय. घरातील लहान मूल त्याच्या गळ्याला मिठी मारते, सारे कौतुकाने पाहतात, आणि तो मात्र हेच सांगत असतो. मुरलेला कापड दुकानदार गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर फारसा विसंबत नाही; त्याचा हात कोणत्या ताग्यावर रेंगाळतो, ते पाहतो. तीच नजर येथे हवी.

यातील सर्वांत महाग पडणारी चूक गुरगुरण्याविषयी होते. कुत्रा गुरगुरला की मालक त्यास दटावतो, प्रसंगी मारतो. वस्तुतः गुरगुरणे ही चावण्यापूर्वी दिलेली सूचना आहे. मार खाऊन सूचना देणे बंद होते, भय मात्र आत तसेच राहते. पुढे तो एके दिवशी ‘काही कारण नसता’ चावतो, विश्वासघातकी ठरतो आणि रात्री गाडीत घालून गावाबाहेर सोडला जातो. जीवदयेसाठी हात सैल सोडणाऱ्या घरांतूनही असे घडावे, हे क्लेशदायक आहे. श्रावक या शब्दाचा अर्थच ऐकणारा असा आहे.

अकोल्याचा वैशाख तर वेगळी परीक्षा घेतो. पारा ४५ अंशांपलीकडे जातो. माणसाप्रमाणे सर्वांगास घाम येऊन कुत्र्याचा देह निवत नाही. धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. अशा दुपारी तो उंबऱ्याशी अडून बसला, तर त्यास आळशी म्हणून साखळीने ओढण्यापूर्वी मालकाने आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरी रस्त्यावर टेकवून पाहावी. ती तेथे ठेववली नाही, तर कुत्र्याचे म्हणणे काय होते ते कळेल. फिरणे मग सूर्योदयापूर्वी करावे, आणि पाण्याचे भांडे दिवसभर सावलीत भरलेले असावे.