मोबाईलचा ताप व वायरीचे आयुष्य

रात्रीची जेवणे आटोपून घरात निजानीज होऊ लागली, की शहरातील बहुतेक घरांतून एक नित्यकर्म न चुकता पार पडते. पलंगाच्या उशाशी, स्वयंपाकघरातील ओट्यावर किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, भिंतीवरील विजेच्या बोर्डास वायरी लागतात आणि त्यांच्या टोकांशी घरातील दोन-चार मोबाईल फोन विसावतात. सकाळी उठावे तो फोन भरलेला. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जाते ते दोनच प्रसंगी. एक, फोन हातात धरवेनासा होतो तेव्हा; आणि दुसरा, वर्षसुद्धा न झालेली वायर मानेपाशी मोडते तेव्हा.

अशा वेळी एखाद्या घरातील आजी, नातवाच्या कपाळास लावावा तसा फोनच्या पाठीस हात लावते आणि म्हणते, "अरे, हा तापलाय की रे! काढ आधी ती वायर." नातू हसून उत्तर देतो, "आजी, चार्जिंगला लावला की गरम व्हायचाच तो." या संवादात दोघांचेही थोडे खरे आहे. फोन भरताना ऊब येणे स्वाभाविक आहे, हे नातवाचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु हात लावून पाहण्याची आजीची सवय त्याहून शहाणपणाची आहे. कारण प्रत्येक ऊब सारखी नव्हे. ती कोठे लागते आणि किती लागते, हे ज्यास ओळखता येईल, त्यास फोनची प्रकृतीही कळेल आणि वायरीचीही.

प्रथम या उष्णतेचे मूळ पाहिले पाहिजे. तांब्याची तार विजेस वाट देते खरी, पण ती फुकट देत नाही. प्रत्येक तारेच्या ठायी थोडाबहुत रोध असतो आणि तो ओलांडताना विजेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. या खर्चाचा नियम जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. ज्यूलच्या घरचा धंदा बिअर तयार करण्याचा. तो सांभाळून त्याने हे प्रयोग केले होते. त्याचा नियम असा, की रोध दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होते. पण प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि प्रवाह तिप्पट झाला तर नऊपट होते. मोबाईलच्या वायरीचे सारे सुखदुःख या एका नियमात साठवलेले आहे.

उदाहरणादाखल एक मीटर लांबीची एक स्वस्त, बारीक वायर घ्यावी. वीज जाण्याची एक तार आणि परत येण्याची एक, अशा दोहोंचा मिळून तिचा रोध सुमारे ०.४ ओहम भरतो. ५ व्होल्ट दाबाने २ अँपिअर प्रवाह तिच्यातून सोडला, तर चार्जरमधून १० वॅट शक्ती निघते. पण त्यांपैकी १.६ वॅट वाटेतच उष्णता होऊन जातात आणि फोनपाशी दाब ५ व्होल्ट न राहता ४.२ व्होल्ट उरतो. फोन फार हळू भरतो, अशी तक्रार करून लोक नवा चार्जर आणतात. पुष्कळदा दोष चार्जरचा नसून वायरीतील अपुऱ्या तांब्याचा असतो. याच वायरीत अडीचपट तांबे घातले, तर हा तोटा ०.६४ वॅटवर येतो. दोन वायरी बाहेरून सारख्याच जाड दिसतील, परंतु एकीच्या पोटात तांबे असेल आणि दुसरीच्या पोटात नुसतेच आवरण. वायरीची लांबी दुप्पट केली, तर तोटाही दुप्पट होतो. अंथरुणावर लोळत फोन पाहता यावा म्हणून घेतलेली लांबलचक बारीक वायर या दृष्टीने महागच पडते.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय जुनाच आहे. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रातून मुंबईस वीज येऊ लागली, ती अतिउच्च दाबाने. दाब वाढविला म्हणजे तेवढीच शक्ती थोड्या प्रवाहाने नेता येते, आणि प्रवाह घटला की ज्यूलच्या नियमाप्रमाणे वाटेतील नासाडी झपाट्याने घटते. आजचे शीघ्र चार्जर पुष्कळदा हीच युक्ती योजतात. वरील वायरीतूनच १० वॅट शक्ती ९ व्होल्ट दाबाने पाठविली, तर प्रवाह सुमारे १.१ अँपिअर लागतो आणि तोटा १.६ वॅटवरून अर्ध्या वॅटवर येतो.

मात्र या युक्तीमुळे मनुष्याची हावही वाढली. यूएसबी नावाच्या जोडणीतून संगणकाकडून पूर्वी फोनला मिळे ती शक्ती अवघी २.५ वॅट. त्याच जोडणीचा २०२१ साली सुधारलेला नियम २४० वॅटपर्यंत मुभा देतो. म्हणजे शक्ती सुमारे शंभरपट झाली, आणि वायर मात्र पूर्वीसारखीच करंगळीहून बारीक राहिली. म्हणून या जोडणीत एक शिस्त घालून दिलेली आहे. चार्जर आणि फोन आधी आपसांत संकेतांची देवघेव करून दाब व प्रवाह ठरवितात. ३ अँपिअरहून अधिक प्रवाह नेणाऱ्या टाइप-सी वायरीच्या टोकात तर एक चिमुकली चिप असावीच लागते. आपण किती भार सोसू शकतो, हे वायर त्या चिपच्या द्वारे चार्जरला सांगते. प्रामाणिकपणे केलेल्या वस्तू ही शिस्त पाळतात. नकली वस्तू ती पाळतीलच असा भरवसा नाही, आणि घोळ तेथून सुरू होतो.

आता ऊब कोठे लागते, या मुख्य प्रश्नाकडे वळावे. वायरीतून जाणाऱ्या दीड वॅटची उष्णता मीटरभर लांबीवर पसरते, म्हणून ती हातास जाणवतही नाही. परंतु तोच रोध एका बिंदूत साठला, तर गोष्ट निराळी होते. खिशातील कापसाचे तंतू व धूळ फोनच्या भोकात दाबली जाऊन बसतात. प्लग शेवटपर्यंत जात नाही. आतील धातूच्या पट्ट्या एकमेकींस ओझरत्या टेकतात. अशा अर्धवट स्पर्शाचा रोध समजा ०.२ ओहम झाला आणि ३ अँपिअर प्रवाह चालू असला, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत १.८ वॅट उष्णता सतत निर्माण होते. तिने धातू काळवंडतो. धातू काळवंडला की रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. शेवटी प्लगचे प्लास्टिक मऊ पडते, करपल्याचा वास येतो, आणि जवळ चादर किंवा उशी असली तर पुढील अनर्थाची कल्पना करणे अवघड नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ओलसर प्लग जोडला, तर धातूच्या पट्ट्या गंजून हाच परिणाम अधिक लवकर घडतो.

वायर मोडते तिचे कारणही असेच एका जागी सापडते. टाइप-सी प्लग निदान १०,००० वेळा लावता-काढता आला पाहिजे, असे त्याच्या मानकात सांगितले आहे. रोज दोन वेळा लावला, तर हे आयुष्य तेरा वर्षांहून अधिक होते. मग वायर वर्षभरात का जाते? कारण प्लग टिकतो, पण मान टिकत नाही. वायरीतील तार एकसंध नसून केसांसारख्या अनेक तंतूंची वळलेली असते, आणि प्लग जेथे संपतो व लवचिक वायर जेथे सुरू होते, त्या बोटभर जागेत सगळा बाक एकवटतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट वोलर याने आगगाड्यांचे आस का मोडतात याचा शोध घेतला. एका धक्क्यात जो भार धातू सहज सोसतो, तोच पुनःपुन्हा उलटसुलट पडला तर धातू थकून मोडतो, असे त्यास आढळले. फोन छातीवर टेकवून, वायर मानेपाशी काटकोनात दाबून जो वाचीत पडतो, तो नकळत वोलरचाच प्रयोग करीत असतो. एकेक तंतू तुटत जातो. उरलेल्या थोड्या तंतूंवर सगळ्या प्रवाहाचा भार पडतो आणि मान गरम लागू लागते. वायर विशिष्ट कोनात धरली तरच फोन भरतो, ही अवस्था म्हणजे तिचा अखेरचा इशारा होय. अशा वायरीस चिकटपट्टी गुंडाळून आणखी महिनाभर चालविणे ही काटकसर नव्हे.

वायर घेताना म्हणून वरच्या झगमगाटापेक्षा मानेकडे पाहावे. मानेवरील रबरी बाही लांब आणि हळूहळू निमुळती होत गेलेली असावी. त्यामुळे बाक एका बिंदूत न पडता वाटला जातो. नायलॉनची वीण आवरणास घासण्यापासून वाचविते. परंतु आतील तांबे अपुरे असेल, तर वीण ते भरून काढीत नाही. काही चांगल्या वायरींत अरामिड जातीचे चिवट धागे तांब्याच्या सोबतीस घातलेले असतात. ओढ ते सोसतात आणि तांबे वाचते. वायर ओढून नव्हे, तर प्लगास धरून काढावी; आणि ठेवताना चार्जरभोवती करकचून न आवळता सैल वेटोळे करून ठेवावी. एवढ्या दोन सवयींनीही तिचे आयुष्य पुष्कळ वाढते.

राहिली फोनच्या पाठीची ऊब. ती पुष्कळशी बॅटरीची आणि तिच्या शेजारील विद्युत्-यंत्रणेची असते. लिथियम-आयन जातीची ही बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जा-ये करतात. ही जा-ये बिनबोभाट चालावी, तर बॅटरी फार तापता कामा नये. उष्णतेने आतील द्रव्यांत नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात, थोडेथोडे लिथियम कायमचे अडकून पडते आणि गेलेली धारणशक्ती परत येत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना ही हानी अधिक होते. ॲपल कंपनीने आपल्या फोनच्या वापरासाठी सभोवारच्या हवेची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस अशी सांगितली आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उन्हात उभ्या मोटारीत तो त्याहूनही चढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील फोन लवकर का थकतात याचा उलगडा होतो. उन्हाळ्यात फोन हळू भरू लागला, तर तो बिघडला असे समजू नये. बॅटरी वाचविण्यासाठी त्याने स्वतःच प्रवाह आवरता घेतलेला असतो.

उपाय साधे आहेत. फोन भरताना तो उशीखाली किंवा पांघरुणात न ठेवता टेबलाच्या लाकडावर किंवा फरशीवर उघडा ठेवावा. जाड वेष्टन काढावे. त्या वेळी खेळ वा चलच्चित्रे चालू ठेवू नयेत. रात्रभर फोन लावून ठेवायचाच असेल, तर ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय पुष्कळ नव्या फोनांत असते, ती वापरावी. फोनच्या भोकात धूळ साचली, तर फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने ती हलक्या हाताने काढावी. चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण व 'आर' या इंग्रजी अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. आणि बॅटरी फुगून फोनची पाठ उचललेली दिसली, तर तो फोन पुन्हा चार्जिंगला लावू नये. जाणत्या दुरुस्तीकाराकडे सोपवावा.

तात्पर्य, सगळीकडे पसरलेली सौम्य ऊब हे कामाचे लक्षण आहे. एकाच जागी चटका देणारी ऊब हे बिघाडाचे लक्षण आहे. पाठ कोमट असेल तर नातवाचे खरे. प्लग किंवा वायरीची मान भाजत असेल तर आजीचे खरे, आणि तेव्हा तिने सांगितल्याप्रमाणे आधी भिंतीवरचे बटण बंद करून मग वायर काढावी. ती पुन्हा लावू नये. नव्या वायरीस पडणारे चारशे-पाचशे रुपये खर्च म्हणून थोडे जड वाटतील. पण त्या वायरीच्या एका टोकास घरातील वीज असते आणि दुसरे टोक बहुधा निजलेल्या माणसाच्या उशाशी असते, याचा विसर पडू नये.