न सांगितलेले दुखणे
(लोणावळा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चारचौघांत ज्याविषयी कोणी बोलत नाही, अशा विषयावर बोलण्यास मी उभा आहे. स्तनाच्या बोंडातून येणाऱ्या स्रावाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. मावळातील शाळांतून मी वर्षानुवर्षे आरोग्याचे पाठ दिले. तरीही माझ्या पत्नीच्या अंगावरच्या कपड्यास रक्ताचे डाग पडू लागले, तेव्हा ती पाच महिने पहाटे उठून ते गुपचूप धूत राहिली. मला सांगण्याचा धीर तिला झाला नाही, हा दोष मी माझाच मानतो. पुढे पुण्यास तपासणी झाली. दुधाच्या नलिकेत चामखिळीसारखी लहानशी, निरुपद्रवी वाढ निघाली. ती काढली आणि पत्नी बरी झाली. परंतु पाच महिने तिने एकटीने सोसलेल्या भयाची भरपाई कशी व्हावी?

प्रत्येक स्राव रोगाचाच असतो असे नाही. गरोदरपणी, मूल अंगावर पीत असता आणि ते सुटल्यावर काही महिने दूध येणे स्वाभाविक होय. दोन्ही बाजूंनी, केवळ दाबल्यावर येणारा पांढुरका वा हिरवट थेंब बहुधा निरुपद्रवी असतो. या कारणांवाचून दूध येऊ लागल्यास थायरॉइड, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, किंवा उलटीवरची वा मानसिक विकारावरची काही औषधे कारण असू शकतात. चालू औषधे डॉक्टरांस दाखवावी. आपल्या मनाने बंद करू नयेत. वारंवार दाबूनही पाहू नये, कारण दाबल्यानेच स्राव चालू राहतो. तान्ह्या बाळाची छाती पिळून दूध काढण्याची चाल तर सर्वथा सोडावी. तिने गळू होऊ शकते.

डॉक्टरांकडे विलंब न लावता केव्हा जावे? स्राव न दाबता आपोआप येत असेल, एकाच बाजूने येत असेल, रक्तमिश्रित अथवा पाण्यासारखा असेल, तेव्हा. सोबत गाठ असेल, बोंड आत ओढले जात असेल, कातडीस खळी पडली असेल वा बोंडावरचा चट्टा बरा होत नसेल, तेव्हा. पाळी गेल्यानंतर नव्याने स्राव सुरू झाल्यास, आणि पुरुषास कोणताही स्राव आल्यास. पू, लाली व ताप असेल तर त्याच दिवशी जावे. दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टर हाताने तपासतात; जरूर पडल्यास सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी करवितात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका ठराविक काळाने हाताने तपासीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. वेळीच कळण्याचे मोल एवढे आहे.

आपल्या खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात रेल्वेचे गस्तवाले रूळ पाहत हिंडतात. प्रत्येक निसटलेला दगड म्हणजे कोसळती दरड नव्हे, हे ते जाणतात. तरी दगड दिसला की वर्दी देतात. भगिनींनो, तुम्हीही तशीच वर्दी द्या. आणि बंधूंनो, ती द्यावीशी वाटेल असे घर ठेवणे हे आपले काम आहे.