लिफाफ्यातले सर्व्हे नंबर

(संघटनेच्या जमीन हक्क शिबिरातील भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी पाड्यावर वाचून दाखवावा.)



मागच्या बैठकीत पुष्कळांनी विचारलं, जमिनीच्या घोटाळ्याची पोलिसात तक्रार दिली की आपलं काम झालं ना? त्यावर आज एक लांबची गोष्ट सांगतो. कॅनडा देशातली आहे, पण ओळखीची वाटेल.

तिथे ऑन्टारिओ प्रांतात टोरोंटो हे मोठं शहर. शहर पसरत चाललं म्हणून २००५ साली सरकारने भोवतालची सुमारे २० लाख एकर शेती, रान आणि पाणथळ जागा हिरवा पट्टा म्हणून राखली. त्यात वसाहती उभ्या करायच्या नाहीत, असा कायदा केला. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रांताचं सरकार म्हणालं, लोकांना घरं नाहीत, ५० हजार घरं बांधायची आहेत, म्हणून पट्ट्यातले १५ तुकडे, सुमारे ७,४०० एकर, बाहेर काढतो. लोकांचं म्हणणं मागवलं. ३५ हजारांवर उत्तरं आली, बहुतेक सगळी विरोधात. तरी जमीन काढलीच.

पुढे सरकारचा हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी कागद उघडले. ऑगस्ट २०२३ चा त्यांचा अहवाल आहे. तुकडे अधिकाऱ्यांनी अभ्यास करून निवडलेच नव्हते. १५ पैकी १४ तुकडे घरबांधणी मंत्र्यांच्या खास माणसाने आणून दिलेले. बिल्डरांच्या एका जेवणात दोन बिल्डरांनी त्याच्या हातात लिफाफे दिले. लिफाफा म्हटल्यावर तुम्ही हसलात, पण त्यात नोटा होत्या असं कोणी म्हटलेलं नाही. कोणती जमीन मोकळी करायची त्याची माहिती होती. आपल्या भाषेत सर्व्हे नंबर! काढलेल्या एकरांपैकी ९२ टक्के जमीन या दोघांनी सुचवलेल्या जागांमधली. अधिकाऱ्यांना काम उरकायला जेमतेम तीन आठवडे, आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून सह्या घेतलेल्या. एक मोठा तुकडा तर घोषणेच्या दोन महिने आधीच ८ कोटी डॉलरला विकत घेतलेला होता. नकाशाचा रंग बदलला आणि जमीनमालकांच्या जमिनीची किंमत ८३० कोटी डॉलरने वाढू शकते, असा हिशेब निघाला. आपल्या पैशात पन्नास हजार कोटींच्या आसपास. एक वीटसुद्धा न रचता.

आणि घरांसाठी ही जमीन लागतच नव्हती. सरकारनेच नेमलेल्या समितीने आधी सांगितलं होतं की जमिनीचा तुटवडा हे कारण नाही.

मग खास माणसाने राजीनामा दिला, सप्टेंबरात मंत्री गेला, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्याने माफी मागून सगळी जमीन पट्ट्यात परत घालतो असं जाहीर केलं. पोलीस कधी आले? प्रांताच्या पोलिसांनी, आपल्यावर संशय नको म्हणून, प्रकरण देशाच्या पोलिसांकडे दिलं. त्यांनी तपास सुरू केल्याचं १० ऑक्टोबरला जाहीर केलं. म्हणजे जमीन परत घालायची घोषणा झाल्यावर! त्यानंतर वर्ष उलटलं तरी एकावरही आरोप दाखल झाला नव्हता.

आम्ही पोलिसांना नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. झोन बदलणं हा गुन्हा नाही, तो सरकारचा अधिकारच आहे. कोणी कोणाच्या फायद्यासाठी तो वापरला, हे कोर्टात टिकेल असं दाखवावं लागतं. त्याला वर्षं जातात. तोवर आपल्याकडे वसाहत उभी राहते, फ्लॅट विकले जातात, आणि घेणाराही गरीबच निघतो. मग पाडायचं कोणाचं?

अजून एक. तो मुलूख तिथल्या आदिवासींचा. १९२३ चे करार आहेत, त्यातल्या अन्यायाबद्दल सरकारने २०१८ साली सात आदिवासी समाजांची माफीही मागितली. चार वर्षांनी जमीन काढताना मात्र त्यांना विचारलं नाही, असं त्यांच्या प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं.

आता आपलं बघा. महसूल कायद्याच्या ३६ अ कलमाने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण झोन बदलाची नोटीस कोण वाचतं? ती पेपरच्या कोपऱ्यात येते, हरकतीची मुदत महिनाभराची, आणि तेव्हा आपण भात लावत असतो. दलाल मात्र त्याच्या आधीच पाड्यावर येऊन गेलेला असतो. जुन्या भावात विसार देऊन अंगठा घेतो.

म्हणून तो आला की तारीख लिहून ठेवा. गाडी कोणाची, कोणता सर्व्हे नंबर विचारला, किती पैसे दाखवले, तेही लिहा. तिकडे लबाडी उघडी पडली ती तारखा जुळवूनच. हरकत दिली तर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. साहेब जेवायला गेले असतील तर बसून राहा, आपल्याला सवय आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने ताजा सातबारा आणि फेरफाराची नक्कल आणावी. नकाशा आम्ही आणतो. जमिनीवर अंथरू आणि आपापलं शेत कोणत्या रंगात आहे ते शोधू.