सिस्टरचा ताण आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या क्लब हाऊसमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. छपाईसाठी थोडी काटछाट केली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "नर्सेसचा ताण." ते म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. मुदत ठेवींवर बोला, हॉल भरेल." हॉल तसाही भरलाय. बाहेर बटाटेवड्याचा वास सुटलाय, त्यामुळे कशाने भरलाय ते मला माहीत आहे. मी फार वेळ घेणार नाही.

माझा आणि या विषयाचा संबंध काय, ते आधी सांगतो. सदतीस वर्षं मी राष्ट्रीयीकृत बँकेत काढली आणि २०११ साली निवृत्त झालो. त्यानंतर एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे एथिक्स कमिटीवर घेतलं. माणसांवर कुठलंही संशोधन करायचं, मग ते औषधाचं असो की नुसत्या प्रश्नावलीचं, तर ते आधी या समितीपुढे यावं लागतं. समितीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारा एक जण असतो, समाजशास्त्राचा अभ्यासक असतो आणि एक सर्वसाधारण नागरिक असतो. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा लागतो. त्यातला तो सर्वसाधारण नागरिक म्हणजे मी. ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही असा माणूस त्यांना नियमानेच हवा असतो. ही पात्रता माझ्यात पुरेपूर होती.

तर एकदा आमच्यापुढे एक प्रस्ताव आला. सार्वजनिक आरोग्य सेवेत, म्हणजे वस्तीवस्तीत फिरून काम करणाऱ्या नर्सेससाठी ताण कमी करण्याचा एक वर्ग घ्यायचा आणि त्याचा उपयोग होतो का, ते तपासायचं. मी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे. त्यामुळे संस्था कोणती, शहर कोणतं, निकाल काय लागला, हे सांगणार नाही. अशा चाचण्या जगभर होतात. त्या कशा करतात, एवढंच सांगतो.

पहिला प्रश्न मीच विचारला होता. "चांगली गोष्ट आहे ना? मग तपासायचं काय? शिकवून टाका." अशा वर्गांत साधारण काय असतं? दीर्घ श्वसन, एकेक स्नायू आवळून सैल सोडणं, गटात बसून मन मोकळं करणं, वरिष्ठांना 'एवढं जमणार नाही' हे नीट शब्दांत कसं सांगायचं त्याचा सराव. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला जो आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या धर्तीवर पुष्कळ ठिकाणी आठ आठवड्यांचेच वर्ग असतात. यात वाईट काय आहे?

आमच्या समितीतल्या एका बाईंनी मला बँकेच्याच भाषेत उत्तर दिलं. "तुमच्या शाखेतल्या लोकांचा ताण ३१ मार्चला मोजला आणि नंतर मे महिन्यात मोजला, तर?" मी म्हटलं, "निम्मा होईल." त्या म्हणाल्या, "मधल्या काळात मी त्यांना रोज लिंबू सरबत पाजलं असतं, तर श्रेय कोणाला?" मी गप्प बसलो. नर्सचंही तसंच आहे. भर पावसाळ्यात, डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या दिवसांत ताण मोजायचा, मग वर्ग घ्यायचे आणि डिसेंबरात पुन्हा मोजायचा. आकडा उतरणारच. तो वर्गाने उतरला की थंडीने, हे कळायला त्याच काळात वर्ग न मिळालेल्या नर्सेसचा दुसरा गट लागतो. आणि कोण कुठल्या गटात जाणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. नाहीतर उत्साही मंडळी सगळी वर्गात जाऊन बसतील आणि दमलेल्या बाहेर राहतील.

ही चिठ्ठ्यांची पद्धत वैद्यकात रुजली ती ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने. १९४८ साली ती प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण होते, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. तेव्हा औषधच इतकं कमी होतं की सगळ्यांना देणं शक्य नव्हतं. त्यामुळे चिठ्ठी हाच त्यातल्या त्यात न्याय होता.

प्रस्तावासोबत नर्सेसना द्यायचं मराठी माहितीपत्रक होतं. ते वाचणं हे खास माझं काम. त्यात लिहिलं होतं, "सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." मी विचारलं, "म्हणजे त्यांचं नक्की काय करणार?" ते वाक्य मी "चिठ्ठ्या टाकून गट ठरवले जातील" असं करून घेतलं. समितीवरच्या इतक्या वर्षांतली ही माझी सर्वांत मोठी कामगिरी असेल.

प्रस्ताव घरी दाखवायचा नसतो आणि मी तो दाखवला नाही. पण ताण मोजायची एक प्रश्नावली जगजाहीर आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती प्रसिद्ध केली. सध्या जास्त वापरतात ती दहा प्रश्नांची. गेल्या महिनाभरात तुम्हाला असं असं किती वेळा वाटलं, एवढंच विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४०. ही प्रश्नावली मी घरी घेऊन आलो आणि हिच्यापुढे ठेवली.

आमची ही कोण, ते आपल्याला सांगायला नको. 'ए' विंगमध्ये तिला नावाने कोणी ओळखत नाही, सगळे 'सिस्टर'च म्हणतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर तिने तेहतीस वर्षं नोकरी केली. पल्स पोलिओच्या प्रत्येक फेरीत झोपडपट्टीतली घरं पालथी घालायची, दारावर खडूने 'पी' नाहीतर 'एक्स' लिहायचं आणि 'एक्स'वाल्या घरी पुन्हा जायचं. आपल्या देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा आणि देश पोलिओमुक्त जाहीर झाला मार्च २०१४ मध्ये. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा ही गवार मोडत होती. "चला, झालं एकदाचं," म्हणाली आणि पुन्हा गवार मोडू लागली.

तर प्रश्नावली. ही म्हणाली, "गेल्या महिन्याचं विचारताय? गेल्या महिन्यात मला काय ताण? तुमचा चष्मा शोधण्याचा." मी म्हटलं, "नोकरीतला एखादा महिना धर." तिने पेन खाली ठेवलं. जरा वेळाने म्हणाली, "मग ९७ सालचा ऑगस्ट धरते."

त्या महिन्यात तिच्या वस्तीतली एक बाळंतीण गेली होती. हिने तिला दोनदा सांगितलं होतं, पाय सुजलेत, डोकं दुखतंय, आजच्या आज प्रसूतिगृहात चल. घरच्यांनी नेलं नाही. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी ही दोन बस बदलून घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. मी जेवायला बसलो आणि म्हणालो, "आज भाजीत मीठ नाही."

हे मला आठवत नव्हतं. तिला सत्तावीस वर्षं आठवत होतं. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तुमचं ऑडिट चालू होतं." त्या कागदावर तिचे गुण आले ३१. प्रश्नावली मागच्या एका महिन्यासाठी असते, इतक्या जुन्या काळासाठी नाही, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने या ३१ ला काही अर्थ नाही. तो कागद अजून माझ्या कपाटात, मुदत ठेवींच्या पावत्यांसोबत आहे.

मग मी तिला मोघम विचारलं, अशी चाचणी तुमच्या केंद्रावर झाली असती तर? तिने चार गोष्टी सांगितल्या, त्या मी पुढच्या सभेत माझ्या म्हणून मांडल्या. आज त्यांचं श्रेय परत करतो.

एक. एका केंद्रावरच्या चौघी एकत्र डबा खातात. दोघींना शिकवलं आणि दोघींना नाही, तरी डबा संपेपर्यंत चौघींना आलेलं असतं. मग फरक दिसणार कसा? म्हणून चिठ्ठी माणसांची काढू नका, केंद्रांची काढा. आमचे संख्याशास्त्रज्ञ खूश झाले. याला शास्त्रात नाव आहे आणि पद्धतही हीच आहे.

दोन. वर्ग ड्युटीच्या वेळेत ठेवा. संध्याकाळी पाचनंतर ठेवलात, तर शाळेतून आलेलं पोर दाराशी बसलेलं असताना तिने कसला दीर्घ श्वास घ्यायचा?

तीन. संमतीचा कागद वरिष्ठांनी पुढे केला, तर नर्स 'नाही' म्हणेल का? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हाताखालच्या कर्मचाऱ्यांची वेगळी काळजी घ्यायला सांगितलेलं आहे. संमती बाहेरच्या माणसाने घ्यावी आणि कोणाचा ताण किती, हा आकडा वरिष्ठांच्या टेबलावर कधीही जाऊ नये.

चार. ज्या केंद्रांना वर्ग मिळाला नाही, त्यांना चाचणी संपल्यावर मिळाला पाहिजे. आणि कोणाचा आकडा फारच वर असेल, तर आठ आठवडे नुसतं बघत बसू नका. तिला आधी डॉक्टरकडे पाठवा.

आता आपण म्हणाल, एवढं करून उपयोग होतो का? जगभरच्या चाचण्या एकत्र करून तोलणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ताणाविषयी शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा तिने २०२३ मध्ये घेतला. सार असं, की अशा वर्गांनी ताण काही महिने, कदाचित वर्षभर, कमी होऊ शकतो. त्यापुढचा पुरावा अपुरा आहे. त्याआधीच्या २०१५ च्या आढाव्यात आणखी एक गोष्ट होती, की पाळ्यांचं वेळापत्रक बदलल्यानेही ताण कमी होऊ शकतो. मला बँकेतला माणूस म्हणून हे लगेच पटलं. तीन जणांचं काम एकाकडे असेल तर त्याला श्वास शिकवा, जरूर शिकवा, पण दोन माणसंही द्या. शहरी आरोग्य अभियानाच्या मापाप्रमाणे दहा हजार लोकवस्तीमागे एक एएनएम असते. आपल्यासारख्या किती सोसायट्या एकीच्या वाट्याला, हिशेब करा. आणि ते सगळी पदं भरलेली असतील तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट' हा शब्द कामाशी जोडला. ते त्याला आजार म्हणत नाहीत. कामातला साठलेला ताण नीट हाताळला गेला नाही की माणसाची ही अवस्था होते, असं ते म्हणतात.

आता शेवटचं. हे बोलण्यासाठीच मी आज उभा राहिलो.

२२ मार्च २०२० ची संध्याकाळ आपल्याला आठवत असेल. पाच वाजता आपण सगळे गॅलरीत येऊन थाळ्या वाजवत होतो. मी पितळी ताट वाजवलं, त्याला पडलेला पोचा अजून आहे. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तळमजल्याच्या बोर्डावर एक नोटीस लागली. रुग्णालयात काम करणाऱ्या रहिवाशांनी लिफ्ट न वापरता जिन्याने ये-जा करावी. आपल्याकडे तेव्हा अशी एकच रहिवासी होती. 'सी' विंगमध्ये सातव्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक सिस्टर. बारा तासांची ड्युटी करून ती सात मजले चढत होती. नोटिशीवर तीन सह्या होत्या. खजिनदार म्हणून त्यातली एक माझी होती.

आम्ही दुष्ट नव्हतो. घाबरलो होतो, घरोघरी म्हातारी माणसं होती. पण घरी ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "अहो, मी नोकरीत असते तर मलाही जिन्यानेच पाठवलं असतंत का?" नवव्या दिवशी आम्ही नोटीस काढली. काढली म्हणजे टाचण्या काढून कागद फाडला. चूक झाली असं कुठे लिहिलं नाही, तिला कोणी सांगितलंही नाही. दिवाळीनंतर करार संपला आणि ती गेली. सामान टेम्पोत भरताना मी खालीच होतो. पुढे व्हायचं धाडस झालं नाही.

समितीत बसून मी तावातावाने विचारत होतो, नर्सचा ताण कशाने वाढतो, त्याची सगळी कारणं प्रश्नावलीत आहेत का? सात मजल्यांचा जिना कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता.

आज आपल्या सोसायटीत, माझ्या माहितीप्रमाणे, तीन नर्सेस राहतात. माझं मागणं थोडंच आहे. रात्रपाळी करून आलेलं माणूस सकाळी नऊ वाजता झोपतं. त्या मजल्यावर ड्रिलिंग करायचं असेल तर आदल्या दिवशी त्या घरी विचारून वेळ ठरवा. निवृत्त सिस्टरला रात्री साडेदहाला बीपी बघायला बोलवू नका, सकाळी बोलवा, ती येईल. आणि आपल्या घरात कोणी असं काम करत असेल, तर भाजीतल्या मिठाबद्दल बोलण्याआधी दिवस कसा गेला ते विचारा.

चौथं मागणं कार्यकारिणीकडे आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. २०२० ची ती नोटीस चुकीची होती, अशी सभेच्या इतिवृत्तात नोंद व्हावी आणि त्याची प्रत त्या सिस्टरना पाठवावी. पत्ता त्यांच्या घरमालकांकडून मी मिळवला आहे. सूचक मी आहेच. अनुमोदक हवा. सभेपर्यंत विचार करा, आजच हात वर करायची सक्ती नाही. संमती अशीच घ्यायची असते, हे मी आता शिकलोय.

वडे गार होतायत.