किल्ली हातात देणारा नवरा



सतरा वर्षांची एक मुलगी. वडील सैनिक होते, ते आता नाहीत. आईनं अंगावरचे दागिने, लग्नातली अंगठीसुद्धा विकून तिला पॅरिसमध्ये पियानो शिकवला. तिला एका उमरावाकडून मागणी येते. माणूस वयानं कितीतरी मोठा, गडगंज, तीन वेळा विधुर झालेला. तुझं प्रेम आहे ना त्याच्यावर, असं आई विचारते. मुलगी एवढंच सांगते, की लग्न करायचंय हे नक्की.

या मुलीची गोष्ट सांगणारी, अँजेला कार्टर या इंग्लिश लेखिकेची ‘द ब्लडी चेंबर’ ही कथा १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिचं मूळ शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ मध्ये छापलेल्या निळ्या दाढीवाल्याच्या गोष्टीत आहे. नवरा परगावी निघताना बायकोला किल्ल्यांचा जुडगा देतो आणि एक खोली तेवढी उघडू नकोस म्हणून बजावतो. ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं असतात. किल्लीला लागलेला रक्ताचा डाग काही केल्या निघत नाही. ऐनवेळी भाऊ धावून येतात म्हणून ती वाचते. एवढं सगळं सांगून पेरो तात्पर्य काढतो ते बाईच्या चौकसपणाविरुद्ध. इतके खून पडले, आणि बोल कुणाला, तर दार उघडणारीला!

कार्टरनं पेरोच्या परीकथांचा स्वतः अनुवाद केला होता. तिला या गोष्टीची नस न् नस ठाऊक होती. तिच्या कथेतला नवरा किल्ली देतो तीच मुळी वापरली जावी म्हणून. आपण न्यूयॉर्कला निघालोय असं सांगून जातो आणि त्याच रात्री परत येतो. आज्ञा मोडली जाणार हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं.

पण मला सर्वांत अस्वस्थ करतं ते त्या खोलीच्या कितीतरी आधीचं. ऑपेराच्या रात्री मुलीला आरशात त्याची नजर दिसते. बाजारात घोडा पारखावा तसा तो तिला पारखत असतो. तिच्या गळ्यात त्यानं दिलेला माणकांचा पट्टा आहे, चिरलेल्या गळ्यासारखा लालभडक. ती शहारते, आणि त्याच आरशात स्वतःकडे पाहताना तिला आतून काहीतरी हवंहवंसंही वाटतं. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या वाड्याला भरतीच्या वेळी चहूबाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. पण ती अडकते त्याआधीच, मखमलीत, हिऱ्यामाणकांत, आपली निवड झाली या सुखात. काही स्त्रीवादी समीक्षकांना कार्टरच्या कथांतली ही ओढ खटकली. मला ती या कथेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. गरिबीतून आलेल्या पोरीला ऐश्वर्याची भूल पडते, यात तिचा काय गुन्हा?

सुटका करायला इथे भाऊ येत नाहीत. वाड्यात एक आंधळा तरुण आहे, पियानोचे सूर लावणारा. तो तिला वाचवू शकत नाही, पण शेवटपर्यंत तिच्या सोबत उभा राहतो. येते ती आई. अठराव्या वाढदिवशी हनोईच्या उत्तरेकडच्या डोंगरांत नरभक्षक वाघ मारलेली बाई! मुलगी फोनवर रडली, कारण विचारल्यावर न्हाणीघरातल्या सोन्याच्या नळांबद्दल काहीतरी बोलली. तेवढ्यावरून आईनं ओळखलं आणि ती तडक निघाली. तलवार उगारलेल्या जावयाला तिनं आपल्या मृत नवऱ्याच्या पिस्तुलानं गोळी घातली. लेकीचं रडणं ऐकून ‘होईल सवय’ म्हणणाऱ्या आयाही असतात. ही तसं म्हणाली नाही.

पुढे त्या वाड्यात अंधांची शाळा निघते. वारशाचा बराच पैसा मुलगी देऊन टाकते. आई आणि तो तरुण यांच्यासोबत राहते, संगीताचे वर्ग चालवते. फक्त नवऱ्यानं तिच्या कपाळावर ती किल्ली दाबली होती, तो लाल डाग जात नाही. जोडीदाराला तो दिसत नाही याचं तिला बरं वाटतं, कारण तिला त्या डागाची लाज वाटते. हे वाचलं की मला दर वेळी त्या मुलीसाठी राग येतो. खून तिनं केलेले नाहीत. तिच्या लाजेवर कार्टर पांघरूण घालत नाही, आणि त्या लाजेपायी मुलीला दोषही देत नाही.