विवाहित विद्यार्थ्यांचे बिऱ्हाड आणि कायदा

(कुर्ला येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुर्ला तालुक्याची हद्द पवई-देवनारपर्यंत जाते. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था याच तालुक्यात आहेत. येथे संशोधनासाठी बाहेरगावाहून येणारे अनेक जण विवाहित असतात, काहींची मुले लहान असतात. वसतिगृहातील खोली मात्र सहसा एकट्यासाठी आखलेली असते.

अशा कुटुंबाला विद्यापीठाने निवास दिलाच पाहिजे, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण खोट्या आशेवर बिऱ्हाड मुंबईत आणणे फार महागात पडते. पवईस विवाहित संशोधकांसाठी निवासस्थाने आहेत. पण ती मर्यादित, आणि क्रम लागेपर्यंत थांबावे लागते. तथापि, वाटपात मनमानी करण्याची मुभा शासकीय संस्थेला नाही. संविधानाचा चौदावा अनुच्छेद तिलाही बांधतो. प्रवेश मिळताच लेखी अर्ज करून पोच घ्यावी. यादीतील आपला क्रमांक व वाटपाचे नियम माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागता येतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी. करणाऱ्या महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूद केली, ती २०२२ मध्येही कायम राहिली. रजेच्या काळात वसतिगृहातील खोलीचे काय, यावर विनियम मौन पाळतात. म्हणून रजेवर जाण्यापूर्वीच संस्थेकडून लेखी खुलासा घ्यावा. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासूनची. तीत ठरावीक वयापर्यंतचे मूल आईबरोबर राहू शकते. नोकरी करणाऱ्या आईला जे मान्य झाले ते शिकणाऱ्या आईला का नाही, असे विद्यापीठांना विचारण्याची वेळ आली आहे.

तोवर बहुतेकांना कुर्ल्यासारख्या ठिकाणी भाड्याची खोलीच पाहावी लागते. 'अकराच महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?' असे दलाल बिनदिक्कत सांगतो. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत रक्कम मोजण्यापूर्वी नोंदणीची तारीख ठरवून घ्यावी, आणि करारात मुलांचाही उल्लेख असावा.